मॅलरीच्या डोक्यावरचे केस

ओटिली झेमानला केस कापायचे होते. बस, एवढंच. कुठल्याही बाईला केस कापायचे असले की ती उठते, पार्लरमध्ये जाते, कापून येते. नवऱ्याच्या ते दोन दिवस लक्षात येत नाही, तिसऱ्या दिवशी त्यावरून भांडण होतं आणि विषय मिटतो. ओटिलीला या एवढ्याशा कामासाठी वीस-बावीस वर्षं थांबावं लागलं. आणि कोणापायी? तर ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर धड मूठभर केस नव्हते अशा एका माणसापायी.

त्या माणसाला सगळं जग ड्रेक मॅलरी म्हणून ओळखायचं. तो पडद्यावर घोड्यावर बसला की बायका उसासे टाकायच्या, घोड्यावरून उतरून कपाळावरचे केस मागे सारले की अर्ध्या थिएटरला घाम फुटायचा. खरं नाव एल्मर टिब्स. नेब्रास्कातल्या कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानदाराचा मुलगा. हॉलिवूडला आल्यावर स्टुडिओने त्याचं नाव बदललं, दात बदलले, चालसुद्धा बदलली. आणि पहिल्या चाचणीच्या दिवशी डोक्यावरचा मोठा दिवा लागला तसं कॅमेऱ्यामागून कोणीतरी ओरडलं, "अरे, याच्या टाळूचं कोणीतरी काहीतरी करा रे!" ते कोणीतरी म्हणजे ओटिली.

ओटिलीचे वडील क्लीव्हलंडला नाटक कंपन्यांसाठी केसांचे टोप करायचे. पोरगी अक्षरं गिरवायच्या आधी जाळीवर गाठ मारायला शिकली. लग्न झालं लाडा झेमानशी. तो सुतार. बोलपट सुरू झाले तेव्हा दोघं कॅलिफोर्नियाला आली आणि एकाच स्टुडिओत चिकटली. लाडा दिवसभर नुसत्या दर्शनी भिंतींचे राजवाडे आणि वर कुठेच न जाणारे जिने बांधायचा, आणि ही रंगभूषेच्या मागच्या कोंदट खोलीत टोप करायची. टोप म्हणजे बारीक जाळी. तिच्या एकेका भोकातून आकडीने एकेक केस ओढायचा आणि गाठ मारायची. कपाळापाशी तर एका भोकात एकच केस, नाहीतर कॅमेरा जवळ आला की सगळं बिंग फुटतं. आठवडेच्या आठवडे जायचे एका टोपाला. मान, पाठ, डोळे यांचे जे हाल व्हायचे त्याबद्दल कोणी विचारायचं नाही आणि तीही सांगायची नाही.

त्या पहिल्या दिवशी एल्मर तिच्यासमोर खुर्चीत बसला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि चेहरा रडवेला झाला होता.

"फार म्हातारा दिसतो का हो मी?"

"म्हातारा नाही, सोललेल्या अंड्यासारखा दिसतोस," ओटिली म्हणाली. "हलू नकोस. डिंक डोळ्यात जाईल."

तो हसला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. त्या दिवसापासून खोलीत ती त्याला अरे-तुरे करायची आणि एल्मर म्हणायची, आणि दाराबाहेर पडली की मिस्टर मॅलरी, अहो-जाहो. त्याने मात्र आत-बाहेर सगळीकडे तिचं तिली करून टाकलं.

आता ही गोष्ट गुप्त ठेवायची म्हणजे काय काय करावं लागायचं ते ऐका. माणसाचे केस वाढतात. टोपाचे वाढत नाहीत. म्हणून ओटिलीने तीन टोप केले: एक नुकते केस कापलेल्या दिवसाचा, एक मधला, एक वाढलेला. महिनाभर ते पाळीपाळीने लावायचे. वाढलेला टोप सगळ्यांनी पुरेसा पाहिला की मॅलरीसाहेब मोठ्या रस्त्यावरच्या सॅलच्या सलूनमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचे. बाहेर काचेला नाकं लावून गर्दी. सॅल तोंडाने गप्पा मारत नुसती हवेत कात्री चालवायचा आणि आधीच्या गिऱ्हाइकाचे केस हळूच पांढऱ्या कापडावर टाकायचा. मग 'डोकं धुवायला' म्हणून आतल्या खोलीत. तिथे ओटिली ओल्या टॉवेलांच्या ढिगाऱ्यात टोपांची पेटी मांडीवर घेऊन ताटकळत बसलेली. वाढलेला काढायचा, कापलेला लावायचा, साहेब बाहेर.

"एकही केस न कापता इतकी वर्षं याचे केस कापतोय मी," सॅल म्हणायचा. "वर गेल्यावर देव मला विचारणार आहे, मिसेस झेमान. आलाच आहात तर तुमचे तरी कापून देऊ?"

"आज नको," ओटिली म्हणायची. "आज वेळ नाही."

तिचं 'आज नको' तिथून सुरू झालं.

एवढं करून माणसाने निदान नीट वागावं की नाही? छे! टोप घालून पोहायला जाऊ नकोस म्हणून सांगितलं की हा हटकून पोहायला जाणार. उघड्या मोटारीतून समुद्रकाठच्या वाऱ्यात फिरणार. नायिकेने केसांत बोटं घालायचा प्रसंग असला की आधी सांग, मी डिंक जास्त लावते, असं बजावलं तरी हा विसरणार, आणि मग प्रणयाच्या ऐन भरात नायिकेच्या अंगठीत अर्धा टोप. एकदा तर कुत्र्याने टोप खाल्ला. एल्मर सकाळी जाळीची चिंधी रुमालात गुंडाळून घेऊन आला आणि शाळकरी मुलासारखा दारात उभा राहिला.

"त्याला ससा वाटला गं तो."

"ससा? माझी सहा आठवड्यांची मेहनत आहे ती! कुत्रा बरा आहे ना?"

"हो."

"मग त्यालाच पाठव उद्या शूटिंगला."

हे झालं ते युद्ध सुरू झालं त्या वर्षी. आणि मेख अशी की केसांचा माल यायचा युरोपातून. तिकडच्या खेड्यांतल्या मुली वेण्या विकायच्या, व्यापारी त्या धुऊन, रंगवार निवडून पाठवायचे. युद्धामुळे ते बंद. भांडाराच्या साहेबाने याकचे केस आणून दिले. दिव्याखाली ते असे चमकायचे की मॅलरीच्या डोक्यावर कोणी पॉलिश मारलंय असं वाटावं. दीड महिन्यावर नवं चित्रण, दोन टोप झिजलेले, तिसरा कुत्र्याच्या पोटात. वैतागून ओटिलीने आंबाडा सोडला, डोकं खाजवायला म्हणून. समोर आरसा. आरशात तिचे केस. गडद तपकिरी, उन्हात किंचित लालसर, कानामागे एक हलकीशी लाट. मॅलरीच्या केसांचा रंग म्हणून कंत्राटात जो लिहिला होता, तोच.

"जळलं मेलं," ती म्हणाली, आणि मानेजवळच्या आतल्या थरातून, बाहेरून दिसणार नाही अशा बेताने, तिने कात्री लावली.

कोणाला काही बोलली नाही. बोलणार काय? स्टुडिओला कळलं तर उद्या माझं डोकं भांडारात जमा करतील, हे ती पुरतं ओळखून होती. एल्मरलाही सांगितलं नाही. नवा टोप बसवताना तो आरशात मान इकडे-तिकडे वळवत राहिला.

"तिली, हा माल कुठून आणलास?"

"मिळाला."

"कुठून पण?"

"तुला काय करायचंय? सकाळचा ब्रेड कुठून येतो ते विचारतोस कधी?"

ती त्याच्या कपाळापाशीची कड चिकटवायला वाकली. एरवी त्या वेळी त्याची अखंड बडबड चालायची. त्या दिवशी तो गप्प बसून राहिला. ओटिलीला वाटलं, बरं झालं, एकदाचा शांत बसला.

लाडापासून मात्र लपलं नाही. तो पिक्चर लागला तेव्हा दोघं शनिवारी बघायला गेली. मॅलरीचा चेहरा भिंतीएवढा झाला, कानामागून केस दिसले, आणि लाडा खुर्चीत सरळ होऊन बसला.

"तिली. ती लाट."

"कसली लाट? गप्प बघ."

"अगं, रोज उशीवर बघतो मी ती! ते तुझे केस आहेत!"

"हळू बोल!"

पुढच्या रांगेतल्या दोन बायका डोळ्यांना रुमाल लावून मॅलरीकडे बघत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, त्याच्या केसांतून एकदा हात फिरवायला मिळाला तर मी सुखाने मरेन. लाडाने बायकोच्या कानाशी तोंड नेलं. "सांगू का तिला? रात्री आमच्याकडे ये म्हणावं." ओटिलीने त्याला कोपर मारलं, पण घरी जाईपर्यंत तो हसायचा थांबला नाही.

आणि नेमकं त्याच सुमारास सगळ्या बायकांनी केस कापायला सुरुवात केली. कारखान्यात जायला सोयीचे म्हणून आखूड, वर कुरळे करून घेतलेले, मानेला वारा लागतोय, काय ती ऐट! ओटिलीलाही तसंच हवं होतं. तिला हिरे नको होते, बंगला नको होता. तिला आखूड कुरळे केस हवे होते. कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात मानेवर तो जड आंबाडा, धुवायला अर्धा शनिवार, चमक राहावी म्हणून आईच्या रीतीप्रमाणे वरून व्हिनेगरचं पाणी, मग उन्हात बसून वाळवा. कापता येत नाहीत, रंगवता येत नाहीत, कुरळे तर मुळीच नाहीत, कारण कुरळा केस टोपाला चालत नाही. शेजारीण चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत विचारायची, "ओटिली, तुझ्या आजीने आंबाडा परत नाही मागितला?" उत्तर देता येत नव्हतं. राग गिळून ही घरी यायची आणि लाडावर काढायची.

अधूनमधून तिचा बांध फुटायचा. "ते काही नाही, एल्मर. येत्या शनिवारी मी केस कापून कुरळे करून येणार."

एल्मरचं तोंड उतरायचं. "एवढा पिक्चर होऊ दे, तिली."

"माझ्या केसांचा आणि तुझ्या पिक्चरचा काय संबंध?" असं ती मुद्दाम दरडावून विचारायची. त्याला काही माहीत नाही ना, याची खात्री करून घ्यायला.

"संबंध कसला? पण सुट्टी घेशील. दुसरं कोणीतरी टोप लावेल. मला नाही चालत दुसरं कोणी. एवढा एकच गं."

एवढा एकच! दर वर्षी तीन पिक्चर, आणि प्रत्येक वेळी एवढा एकच.

शिवाय त्याच्या भेटी. भेट द्यायची तर कामाची तरी द्यावी. हा नाताळला रानडुकराच्या केसांचा ब्रश देणार. वाढदिवसाला ऑलिव्ह तेलाचे डबे. समुद्रावर चित्रण असलं की हिच्यासाठी रुंद काठाची हॅट. "डोक्याला ऊन लागू देऊ नकोस, तिली." युद्धाच्या टंचाईत कुठून कुठून अंडी पैदा करून पाठवायचा, आणि वर विचारायचा, "खातेस ना रोज? झोप नीट होते ना?" लाडा कपाळाला हात लावायचा. "हा मेला हीरो आहे की तुझी आजी?" ओटिली ते ब्रश कपाटात टाकायची, आणि मग मुकाट्याने काढून वापरायचीही, कारण ब्रश खरंच चांगले होते.

युद्ध संपल्यावर दोनेक वर्षांनी एका किल्ल्याच्या सेटवर लाडा परांचीवरून खाली आला. कंबर मोडली. कित्येक महिने इस्पितळात. ओटिली सकाळी टोप लावायची, संध्याकाळी इस्पितळात खुर्चीत बसायची, लाडा चालेल की नाही हे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न करायची. लाडा चालला शेवटी, लंगडत का होईना. पण तोवर ओटिलीची डाव्या कानावरची एक बट पांढरीफटक झाली होती. नव्या टोपासाठी केस कापले तर त्यात ते पांढरेही आले. एकेक वेचून काढायचं त्राण तिच्यात नव्हतं. राहू देत, म्हणाली. रागावले तर रागावले.

रागावलेच. निर्माता खोलीत येऊन ओरडला, "हे पांढरं काय आहे? रंगवा ते!"

"राहू द्या," खुर्चीतून एल्मर म्हणाला. कधी नव्हे तो आवाज चढवून. "मी चाळिशी ओलांडली. ती बट राहणार. ती काढलीत तर मी उद्या येणार नाही."

आणि झालं काय, तर त्या बटेवर अख्खा देश लट्टू झाला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, वय न लपवणारा एकमेव मर्द. सलूनमध्ये पुरुष जाऊन मॅलरी बट मागायला लागले. सॅलने तर तेवढ्यावर दुकानाला नवा रंग दिला. ओटिलीने स्वयंपाकघरात तो मजकूर वाचून वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. "मर्द म्हणे! लाडा, ती तुझ्या मोडलेल्या कमरेची बट आहे! मी रात्र-रात्र जागले, आणि फॅशन त्याची झाली!"

"बघ, माझ्या कमरेची किंमत तरी झाली," लाडा म्हणाला. तिला हसू आलं आणि त्याचाच जास्त राग आला.

तिथून पुढे असंच. ही पिकत गेली, तसा तो पिकत गेला. बायको, मग दुसरी, मग तिसरी त्याला सोडून गेली, त्याचे पिक्चर पडले, परत उठले. त्याच्या केसांत त्यातलं काहीच दिसलं नाही. त्यात दिसलं ते ओटिलीच्या आईचं जाणं, लाडाचं दुखणं, घरमालकाशी झालेली कटकट. लोक म्हणायचे, काय रुबाबात म्हातारा होतोय हा! त्या रुबाबालाच मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा ओटिली आणि लाडा घरी रेडिओला कान लावून बसली होती. मॅलरीने दिग्दर्शकाचे आभार मानले, निर्मात्याचे मानले, नेब्रास्कातल्या आईचे मानले. शेवटी घोड्याचे मानले.

ओटिली उठली आणि रेडिओ बंद केला.

"तुझं नाव कसं घेणार गं तो?" लाडा म्हणाला. "काय म्हणून घेणार?"

"मला कळतं ते. पण घोडा?"

दुसऱ्या दिवशी एल्मर अंड्यांची टोपली घेऊन खोलीत आला. ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. त्यानेही कारण विचारलं नाही.

बासष्ट साली ओटिलीचे डोळे दमले. भिंगाशिवाय जाळीचं भोक दिसेना. तिने एल्मरला समोर बसवून सांगितलं, हा शेवटचा टोप. यानंतर मी घरी. आणि शुक्रवारी दुपारी मी पार्लरमध्ये वेळ घेतली आहे, आता एवढा एकच म्हणालास तर ही कात्री तुझ्याच अंगावर फेकेन.

एल्मरने तिच्या आंबाड्याकडे पाहिलं. "नाही म्हणणार," तो म्हणाला. "काप. कुरळेच कर."

तिला आनंद व्हायला हवा होता. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने हुज्जत घातली नाही, याचंच तिला कसंतरी झालं.

त्या मंगळवारी तो गेला. घरच्या तलावात पोहून वर आला, खुर्चीत बसला, आणि हृदय थांबलं. टोप घालून पोहला होता. बातमी ऐकल्यावर ओटिलीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "पाण्यात जाऊ नकोस म्हणून किती वेळा सांगितलं होतं!" आणि मग तिला रडू फुटलं.

अंत्यविधी शुक्रवारी सकाळी. शवपेटी उघडी ठेवायची, लोक रांगेने दर्शन घेणार. पहाटेपासून रस्त्यावर माणसं उभी होती. ओटिली नवा करड्या केसांचा टोप आपल्या पेटीत घालून मागच्या दाराने आत गेली, आणि शवपेटीतल्या एल्मरला बघून तिच्या डोळ्यांतलं पाणी होतं तिथेच वाळलं. त्याच्या डोक्यावर काळा कुळकुळीत टोप होता. अडतीस सालच्या समुद्री चाच्याच्या पिक्चरमधला, स्टुडिओने काचेच्या कपाटात ठेवलेला. खाली अठ्ठावन्न वर्षांचा दमलेला चेहरा, वर तिशीतला चाचा.

"हे कोणी केलं?"

"मी," स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याचा मॉर्ट म्हणाला. "लोकांना त्यांचा मॅलरी हवाय."

"हा मॅलरी आहे? हा सर्कशीतला विदूषक दिसतोय! काढ ते."

"बाई, तुम्ही टोपवाल्या आहात. टोप लावा म्हटलं तर लावायचा. कुठला ते आम्ही ठरवू."

"तीस वर्षं मी ठरवलंय कुठला ते! बाहेर लहान पोरं उभी आहेत रांगेत. ती हसतील त्याला. मेल्यावर त्याचं हसं करणार आहेस तू?"

आवाज वाढले. तेवढ्यात दार उघडून कॉनी आली, मॅलरीची चौथी बायको. चाळिशीची, काळ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. तिने शवपेटीत पाहिलं, मॉर्टकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा." मॉर्ट गेला.

ओटिलीने घाईघाईने आपली पेटी उघडली. "बाईसाहेब, हा बघा, हा त्याला शोभेल. गेल्या आठवड्यातच पुरा केलाय. एकदाच मला—"

"तो नाही घालायचा त्याला," कॉनी म्हणाली.

ओटिलीचे हात तसेच राहिले.

"त्याने मला सांगून ठेवलंय. मी गेलो तर पेटीचं झाकण बंद ठेव, आणि टोप तिलीला परत दे. तिचे आहेत ते."

"माझे म्हणजे, मी केलेले," ओटिली म्हणाली.

"नाही. तुमचे. तुमच्या डोक्यावरचे." कॉनीने तिच्या आंबाड्याकडे पाहिलं, कानावरच्या पांढऱ्या बटेकडे पाहिलं. "तुमच्या केसांचा टोप लावलात त्या पहिल्याच दिवशी त्याला कळलं होतं. तुम्ही वाकलात तेव्हा व्हिनेगरचा वास आला, आणि तोच वास त्याच्या डोक्यावरच्या टोपाला. मी कधी त्याच्या केसांना हात लावला की म्हणायचा, जपून, उसने आहेत."

ओटिली खुर्चीत बसली. ब्रश. तेलाचे डबे. हॅट. ती सगळी अंडी. रेडिओवर तिच्या नावाच्या जागी आलेला तो घोडा.

"मग बोलला का नाही मेला?" ती ओरडलीच. "वीस वर्षं! वीस वर्षं मी आजीचा आंबाडा मिरवला! शेजारणीची बोलणी खाल्ली! एक शब्द बोलायला काय झालं होतं त्याला?"

"मी विचारलं होतं. म्हणाला, मला कळलंय हे तिला कळलं, तर ती त्याच दिवशी सगळे कापून येईल. तितकी हट्टी आहे ती."

ते खरं होतं, आणि म्हणूनच ओटिलीचा आणखी संताप झाला. ती उठली आणि शवपेटीशी गेली. काळा टोप तिने उचकटून काढला आणि बाजूला टाकला. खाली तीच टाळू. पहिल्या दिवसाची, सोललेल्या अंड्यासारखी. तिने रुमालाने डिंकाचे डाग पुसले. खूप वेळ पुसत राहिली.

"झाकण बंद करायला सांगू?" कॉनीने विचारलं.

"काही नको. लोक सकाळपासून उभे आहेत."

"पण तो म्हणाला होता, परत—"

"त्याचं कधी ऐकलंय मी, ते आता ऐकू?" ओटिलीने आपल्या पेटीतून दुसरी बाटली काढली. घट्ट डिंकाची, पाण्याच्या प्रसंगांसाठी ठेवलेली. कपाळाची कड बोटाने दाबत ती हळूहळू टोप बसवत गेली. कानावर पांढरी बट आली. कानामागे लाट आली. "घे. घेऊन जा," ती त्याला म्हणाली. "हा नाही निघायचा. आता जिथे पोहायचंय तिथे पोह."

लोक रांगेने आले आणि गेले. कोणी हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, अगदी झोपल्यासारखा दिसतोय. ओटिली मागच्या भिंतीशी लाडाचा हात धरून उभी होती. मग सगळं आटपल्यावर लाडाने घड्याळ पाहिलं. "जायचंय का तुला? आज नको असेल तर—"

"आज नको म्हणू नकोस," ओटिली म्हणाली. "चल."

पार्लरमधली बाई बडबडी होती. तिने ओटिलीला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, आंबाड्याच्या पिना एकेक करून काढल्या आणि केस खांद्यावर सोडले. मग आरशात बघून थबकली.

"अगंबाई! तुम्हाला कोणी सांगितलंय का हो? अगदी ड्रेक मॅलरीसारखे केस आहेत तुमचे! ती बटसुद्धा! आजच पुरलं ना हो त्याला, बिचाऱ्याला."

इतकी वर्षं मिटलेलं तोंड ओटिलीने उघडलं.

"माझे त्याच्यासारखे नाहीत, बाई. त्याचे माझ्यासारखे होते."

बाई खळखळून हसली. तिला ती थट्टाच वाटली.

"हसतेस काय?" ओटिलीने कापडाच्या टोकाने डोळे पुसले. "काप."